लग्नघरातला कुत्रा : कुठे असावा, कुठे नसावा

अहमदपूर, चाकूर, कंधार, लोहा या पट्ट्यात कुत्रा पाळणं ही अलीकडची हौस नाही. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव तर कारवान जातीच्या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड आणि नजरेनं सावज टिपायची सवय. हे जनावर इथल्या शेतांवरच्या आखाड्यांची राखण पिढ्यान्‌पिढ्या करत आलं आहे. कानाला आणि शेपटीला रेशमी केस असले की त्यालाच पश्मी म्हणतात. माळेगावच्या यात्रेत घोड्या-गाढवांबरोबर कुत्रीही येतात, आणि ही यात्रा ज्या खंडोबाची, त्याच्या सोबत तर कुत्रा असतोच. नवं इतकंच घडलंय, की आखाड्यावरचा कुत्रा आता मंगल कार्यालयात येऊ लागला आहे.

पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी करणारी मुलगी लग्न ठरल्यापासून घरच्यांना बजावते, माझ्या हळदीत तो हवाच. नवरदेव म्हणतो, मिरवणुकीनं परण्या निघेल तेव्हा गाडीत माझ्या शेजारी त्यालाच बसवा. या हट्टामागे माया आहे आणि ती मला मोलाची वाटते. ज्यानं आठ-दहा वर्षं घराच्या उंबऱ्यावर काढली, त्याला घरातल्या सगळ्यात मोठ्या कार्याच्या दिवशी मागच्या अंगणात साखळीला बांधून ठेवायचं, हे कुणालाही रुचणार नाही. पण जिथे नेतो तिथे त्याचा जीव घाबरा होणार नाही, हेही आपणच बघायचं असतं.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. मुहूर्तमेढ, हळदीची सकाळ, घरच्या माणसांचे फोटो यांत कुत्रा जरूर असावा. परण्यात, वरातीत आणि अक्षता पडताना मात्र तो नसावा. कुत्रा कितीही शहाणा असला, कितीही शिकवलेला असला, तरी ही रेघ ओलांडू नये.

माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. आपल्याला जाणवतही नाहीत असे ध्वनिवर्धकाचे कर्कश सूर त्याच्या कानावर आदळत असतात. त्यात बँजोपार्टी, हलगी, डीजे आणि मध्येच फुटणारी फटाक्यांची माळ. आवाज कुठून आला, पुढचा कधी येणार, हे त्याला कळत नाही, आणि गळ्यात पट्टा असल्यानं पळताही येत नाही. घाबरलेल्या जनावराला पळायची वाट मिळाली नाही की ते चावतं, हा साधा नियम आहे. अक्षतांची वेळ तर सगळ्यात अवघड. मंगलाष्टकं चालू असताना मांडव त्यामानानं शांत असतो. शेवटचं ‘सावधान’ झालं की एका क्षणात वाजंत्री वाजतात, फटाके फुटतात, चारी बाजूंनी तांदूळ उडतात आणि शे-दोनशे माणसं एकदम उठून पुढे सरकतात. तोवर अगदी शांत बसलेला कुत्राही इथे बिथरतो.

दीड महिना आधीपासून

तारीख ठरली की मंगल कार्यालयाला पहिला प्रश्न विचारा : कुत्रा आणू देता का, आणि आणला तर त्याला ठेवायला पंखा असलेली, दार लागणारी एखादी खोली मिळेल का? खोली नसेल तर कुत्रा कार्यालयात नेऊच नका. घरच्या हळदीपुरताच त्याला सामील करा. अहमदपूर नागपूर-तुळजापूर महामार्गावर आहे. अशा रस्त्यालगतच्या कार्यालयातून बिथरलेला कुत्रा सुटला तर थेट ट्रकांपुढे जातो. कारवानसारखा पळणारा कुत्रा तर एकदा सुटला की माणसाच्या हाती लागत नाही.

याच जातीची आणखी एक अडचण लक्षात ठेवा. कारवान-पश्मीचं डोकं निमुळतं आणि मान त्यामानानं जाड असते. साधा पट्टा ते मागे सरकून सहज काढून टाकतात. म्हणून छातीला आणि पोटाला बसणारा हार्नेस घ्या आणि तो रोजच्या फिरण्यात वापरून अंगवळणी पाडा. कार्याच्या दिवशी हार्नेसला एक दोरी आणि पट्ट्याला दुसरी, अशा दोन दोऱ्या धराव्यात. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला हवा. तोही नवरदेवाचा नको, त्या दिवशी फोन उचलू शकेल अशा माणसाचा.

यानंतर त्याला एक जागा शिकवा. यासाठी घरातली जुनी गोधडी उत्तम. रोज संध्याकाळी ती अंथरायची आणि कुत्रा आपणहून तिच्यावर आला की भाकरीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा घास, जे त्याला आवडतं ते द्यायचं. बसला की पुन्हा एक, आडवा पडला की पुन्हा एक. ओढून बसवायचं नाही, रागवायचं नाही. आठवडाभरात गोधडी दिसली की तो तिच्यावर जाऊन बसू लागतो. मग ती ओसरीत अंथरा, अंगणात अंथरा, पाहुण्यांच्या घरी न्या. जागा बदलली तरी गोधडी तीच राहते आणि तिचा वासही तोच. ही गोधडी धुऊ नका. लग्नाच्या दिवशी अनोळखी मांडवात त्याच्या ओळखीची तेवढीच जागा असेल.

आवाजाची सवयही याच गोधडीवर लावायची. मोबाइलवर बँजोचं, हलगीचं, सनईचं ध्वनिमुद्रण लावा, पण इतक्या हळू की त्याचे कान हलावेत आणि तो खातच राहावा. आवाज सुरू झाला की खाऊ सुरू, आवाज बंद झाला की खाऊ बंद. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवा. त्यानं खाणं थांबवलं, उठला किंवा कान मागे पाडले, तर आपण पुढे गेलो आहोत असं समजा आणि पुन्हा खाली या. इथे घाई केली तर सगळं उलटतं. ‘एकदा डीजेसमोर उभा करा, आपोआप भीती मोडेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. जबरदस्तीनं भीती मोडत नाही, ती पक्की होते.

गर्दीची तयारी करायची तर आठवडी बाजाराच्या कडेला, लांबून, दहा-पंधरा मिनिटं उभं राहून परत या. बाजारात शिरू नका. घरी येणाऱ्या पाहुण्यांना सांगा की कुत्र्याकडे बघू नका, वाकू नका, हात पुढे करू नका. तो आपणहून आला तर मानेखाली किंवा छातीवर हात फिरवा. कारवान कुत्र्यांना परक्या माणसाचा हात सहसा खपत नाही. हा त्यांचा उद्धटपणा नाही, राखणीच्या जातीचा तो स्वभावच आहे. लग्नात मात्र प्रत्येक मावशीला आणि प्रत्येक पोराला त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा असतो.

रेबीजची लस दरवर्षी द्यावीच लागते. पहिल्यांदाच देत असाल तर लग्नाच्या किमान महिनाभर आधी द्या, कारण पहिल्या लशीचं संरक्षण तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. लसीकरणाची वही कार्याच्या दिवशी सोबत असू द्या. माजावर आलेली कुत्री, चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, म्हातारा किंवा सांधे दुखणारा कुत्रा आणि पूर्वी कुणाला चावलेला कुत्रा यांना नेऊच नये. दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली जाऊन थरथरणारा कुत्राही याच यादीत येतो. दीड महिन्याच्या सरावानं तो हळदीला बसू शकेल, कार्यालयात नाही.

त्या दिवशी कुत्रा कुणाचा?

लग्नघरात सगळ्यांना सगळी कामं असतात, म्हणून कुत्रा कुणाचाच राहत नाही. ‘पोरं बघतील’ म्हणून सोडलेला कुत्रा तासाभरात पंगतीत सापडतो. एक मोठा माणूस ठरवा. कुत्रा त्याला ओळखत असला पाहिजे आणि त्या दिवशी त्याला दुसरं एकही काम नको. मामा नको, कारण मामाला मुलीला आणायचं असतं. करवली नको. आखाड्यावरचा सालगडी, शेजारचा मित्र, कॉलेजात जाणारा चुलतभाऊ असा कुणी चालेल. त्याला मानाचा टॉवेल-टोपी द्या, पण कुत्र्याच्या दोरीशिवाय त्याच्या हातात काही देऊ नका. आणि कुत्रा कंटाळला किंवा घाबरला असं त्याला वाटलं, तर कुणालाही न विचारता त्यानं कुत्र्याला घेऊन निघून जायचं. फोटो राहिले तरी चालेल. हा अधिकार त्याला आधीच, घरच्या सगळ्यांसमोर द्या.

सूर्य वर येण्याआधी कुत्र्याला भरपूर फिरवून, पळवून आणा. दमलेला कुत्रा शांत बसतो. खायला नेहमीचंच आणि नेहमीपेक्षा थोडं कमी द्या. सोबतच्या पिशवीत लहान लहान तुकडे ठेवा. हळदीत त्याला बसवायचं असेल तर पाहुणे जमण्याआधी, घरातली पाच-सात माणसं असताना बसवा. गोधडी नवरीच्या पाटाशेजारी अंथरा. फोटोवाल्याला आधी सांगून ठेवा : फ्लॅश नको, ड्रोन नको, कॅमेरा कुत्र्याच्या तोंडाजवळ नको. दहा मिनिटांत काम उरकतं. त्याला आत नेऊन निजवा, मग हळद खुशाल वाजू द्या.

फेटा, कानावर येणारी टोपी, घुंगरांचा पट्टा यांतलं काही नको. कान झाकले की तो गोंधळतो, आणि घुंगरू त्याच्या स्वतःच्या कानाशी वाजत राहतात. पाठीवर हलका सुती शेला पुरे, तोही आधी चार वेळा घालून बघितलेला. हार घालायचाच तर झेंडूचा. कण्हेर कुत्र्याला विषारी आहे आणि शेवंतीही पोटात गेली तर त्रास देते. गळ्यातली फुलं तो चघळणारच. बाजारातला रंगीत कुंकू-गुलालही त्याच्या अंगाला लावू नका. अंग चाटताना तो सगळा पोटात जातो.

ऊन

आपल्याकडच्या लग्नांची मोठी दाटी चैत्र-वैशाखात असते आणि मुहूर्त बहुधा भर दुपारचे. मराठवाड्यात तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी शरीर थंड ठेवायला त्याला धापांचाच आधार. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०४च्या वर गेलं की जिवाला धोका सुरू होतो. चपट्या तोंडाचा पग असेल तर त्याला उन्हाळ्यातल्या दुपारच्या लग्नाला नेऊच नका. त्याला धापांनीही पुरेसं थंड होता येत नाही.

डांबरी रस्त्यावर किंवा फरशीवर हाताची मागची बाजू ठेवून बघा. पाच-सात सेकंदही ठेववत नसेल तर त्याचे पंजे तिथे भाजतील. पाण्याचं भांडं घरचंच घ्या, कारण काही कुत्री परक्या भांड्यात तोंड घालत नाहीत. आणि गाडी! ‘थोडा वेळ गाडीत बसू दे, काच खाली ठेवलीय’ हे वाक्य त्या दिवशी कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पन्नास अंशांच्या पुढे उष्णता जाते, आणि दोन बोटं उघड्या काचेनं त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्रा लडखडू लागला, जीभ गडद लाल झाली, घट्ट लाळ गळू लागली, उलटी झाली तर त्याला सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंख्याचं वारं द्या आणि त्याच ओल्या अंगानं पशुवैद्याकडे न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पंगतीपासून त्याला लांब ठेवण्याची कारणं दोन. मसालेभातातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिऱ्यातल्या मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेट विषारी, विड्याच्या ताटातली तंबाखू विषारी, आणि मटणाचं जेवण असेल तर शिजलेल्या हाडांच्या काटक्या आतड्यात रुततात. दुसरं कारण गावातल्या मोकाट कुत्र्यांचं. उष्ट्या पत्रावळींच्या ढिगावर त्यांचा हक्क असतो. आपला कुत्रा तिथे पोचला की मारामारी ठरलेली. त्या बिचाऱ्या कुत्र्यांसाठीही ढीग कार्यालयापासून, रस्त्यापासून लांब ठेवायला वाढप्यांना सांगितलं तर बरं.

तो काय सांगतोय

भीती भुंकण्याआधी कितीतरी वेळ दिसत असते. झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणं, तोंड बाजूला वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, शेपूट पोटाशी, एक पंजा उचललेला, थंड जागेतही धापा. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे आवडीचा तुकडा पुढे केला तरी तो न घेणं. इतकं झालं की त्याला बाहेर काढायची वेळ झाली. गुरगुरला तर रागवू नका. गुरगुर ही चावण्याआधीची सूचना असते. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावतो. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळलं तर भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. तो अंगाला चिकटत असेल तर खुशाल जवळ घ्या, फक्त गर्दीपासून दूर नेऊन.

कुणाला चावलाच, तर जखमेत मिरची किंवा चुना भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरीही जा.

औषधाचं बरेच जण विचारतात. ट्राझोडोन, गॅबापेन्टिन यांसारखी औषधं पशुवैद्य कुत्र्याचं वजन आणि प्रकृती पाहून देतात आणि ती उपयोगी पडतात. पण डोस लग्नाच्या आधी, एखाद्या निवांत दिवशी एकदा देऊन बघावाच, कारण एखादा कुत्रा औषधानं शांत होण्याऐवजी उलट चाळवतो. अ‍ॅसेप्रोमाझिन एकटंच देण्याची पद्धत आता योग्य मानत नाहीत. त्यानं अंग ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहते. आजीच्या झोपेच्या गोळीतला तुकडा, सर्दीची गोळी, दारू किंवा भांग देणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अवघड प्रकरण असेल तर लातूर जिल्ह्यात, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री क्रमांकही मोबाइलमध्ये जपून ठेवा.

कुत्रा घरी ठेवायचं ठरलं, तरी वरात दारावरूनच जाणार असते. त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा आणि दूरदर्शन चालू ठेवून, गोधडीवर ठेवा. जवळ कुणीतरी थांबा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला कायद्यानं बंदी आहे. दिवसासुद्धा निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबलची आहे. ही मर्यादा पाळली तर कुत्र्याइतकाच दिलासा आजारी म्हाताऱ्यांना आणि पाळण्यातल्या बाळांनाही मिळेल.

लग्नानंतरच्या जागरण-गोंधळात कुत्र्याला मान आहे. खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला घालण्याची रीत आपल्याकडे आहेच. तो मान जरूर द्या, पण संबळ आणि दिवट्या सुरू होण्याआधी, संध्याकाळीच. आणि नैवेद्य भरीत-रोडग्याचा असेल तर फक्त रोडगा घाला. भरतात कांदा-लसूण असतो.

आणि शेवटी ती गोष्ट, जिचा विचार लग्नाच्या धांदलीत कुणी करत नाही. कुत्रा मुलीच्या हातचं खाऊन वाढलेला असेल, तर ती सासरी गेल्यावर त्याच्यासाठी घर एकदम रिकामं होतं. तो दारात बसून राहतो, खाणं सोडतो, रात्री रडतो. लोक म्हणतात, दोन दिवसांत विसरेल. तो इतक्या लवकर विसरत नाही. म्हणून लग्नाच्या महिनाभर आधीपासून त्याचं खाणं-फिरणं हळूहळू दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. आई असेल, धाकटा भाऊ असेल. मुलीची वापरलेली, न धुतलेली ओढणी त्याच्या गोधडीत घालून ठेवा. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा एक मिनिटही हलवू नका.

मुलीबरोबर कुत्राही सासरी जाणार असेल, तर हे बोलणं लग्न ठरवतानाच व्हायला हवं. आणि पाठवणी करताना त्याच गाडीत त्याला कोंबू नका. आठ-दहा दिवसांनी, नवं घर तिच्या ओळखीचं झाल्यावर न्या. नवरदेवाच्या घरी कुत्रा असेल तर नव्या सुनेची आणि त्याची ओळख लग्नाआधीच, दोन-चार भेटींत, तिच्या हातून खाऊ घालून करून द्या. गृहप्रवेशाच्या रात्री, वाजंत्री दारात असताना, ही ओळख करून देण्यात अर्थ नाही. आणि घरात मागे राहिलेल्या कुत्र्यानं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर ‘त्याला वाईट वाटतंय’ म्हणून थांबू नका. त्याला पशुवैद्याला दाखवा.